तिसऱ्या किल्लीचा वाद

नवी गाडी घेतली की शोरूममधून दोन किल्ल्या हातात पडतात. त्यातली एक हरवली तर नवी कुणी करून द्यायची, हा पूर्वी प्रश्नच नव्हता. बाजारातल्या किल्लीवाल्याकडे जायचं, त्याने कानस चालवायची, काम झालं. आज त्याच किल्लीवाल्याने पात्याचे दाते हुबेहूब कापून दिले तरी दार उघडेल, स्टार्टर फिरेल, पण गाडी सुरू राहणार नाही. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते. रिमोटला बॅटरी लागते, या चिपला लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं बसवलेलं असतं आणि त्यातूनच तिला वीज मिळते. गाडी तिला एक आकडा धाडते, चिप आपल्याजवळच्या गुप्त संख्येच्या आधारे त्याचं उत्तर काढते आणि ते जुळलं तरच इंजिनाचा संगणक इंजिन चालू देतो. याला इमोबिलायझर म्हणतात. नव्या चिपची गाडीशी ओळख करून देणं म्हणजे “की प्रोग्रॅमिंग”. त्यासाठी डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडावं लागतं. यंत्र मागतं तो गुप्त पिन कोड, किंवा नव्या गाड्यांत सर्व्हरवरून येणारी परवानगी, कंपनीच्या ताब्यात असते. त्यात आपल्याकडे गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दाव्यासोबत दोन्ही किल्ल्या मागते. त्यामुळे हरवलेली किल्ली ही नुसती गैरसोय राहत नाही.

ही परवानगी कुणाच्या हाती असावी यावर अमेरिकेत आणि युरोपात वीसेक वर्षं भांडण चालू आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा ही आपली जुनी शिस्त. म्हणून इथे दोन कल्पित माणसं समोरासमोर बसवली आहेत: वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुरलेले एक इंजिनिअर आणि ग्राहकांचे खटले चालवणाऱ्या एक वकीलबाई. मी तटस्थ नाही, माझा कल बाईंकडे आहे. पण इंजिनिअरांची बाजू कच्ची ठेवून बाईंना जिंकवण्यात अर्थ नाही.

इंजिनिअर: मॅडम, किल्लीवाल्याचा धंदा बसला याचं मलाही वाईट वाटतं. पण तो कशामुळे बसला ते आधी बघा. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. नेदरलँड्समधल्या अर्थशास्त्रज्ञांनी तिथले चोरीचे आकडे मॉडेलवार तपासले. चोर इमोबिलायझर नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले हे हिशेबात धरूनही चोऱ्या मोठ्या प्रमाणात घटल्याचं त्यांना दिसलं. उलट बाजू अमेरिकेत बघा. तिथे सक्ती नव्हती. २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर मुळातच बसवलेला होता, ह्युंदाई आणि किया यांच्या फक्त २६ टक्के गाड्यांना. पुढे २०२१-२२ मध्ये पोरासोरांनी स्टीअरिंगखालचं आवरण उचकटून, यूएसबी केबलचं टोक कुलपाच्या जागी फिरवून या गाड्या पळवल्या आणि त्याचे व्हिडिओ टाकले. शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांना ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअर द्यावं लागलं. एका चिपने एवढा फरक पडतो, आणि ती चिप ओळखण्याचा अधिकार वाटून टाका असं तुम्ही म्हणता!

वकीलबाई: साहेब, कुलूप नको असं मी कुठे म्हटलं? कियाच्या गाड्या गेल्या त्या कुलूपच नव्हतं म्हणून. किल्ली कुणीही करून देत होतं म्हणून नव्हे. कुलूप भक्कम असावं ही एक गोष्ट झाली. त्याची नवी किल्ली फक्त कुलूपवाल्याच्याच दुकानात मिळावी ही दुसरी. तुमचा पुरावा पहिलीचा आहे आणि मागणी मात्र दुसरीची. गुप्ततेने कुलूप भक्कम होतं असं म्हणाल, तर तुमच्या क्षेत्राचा इतिहासच तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ज्या चिपवर फोर्डसकट अनेकांच्या किल्ल्या चालत होत्या, तिची गुप्त संख्या ४० बिटांची होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ती २००५ मध्ये फोडून दाखवली. मग मेगामोस ही किल्लीतली चिप. बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधल्या नायमेगन इथल्या संशोधकांना त्या चिपमधले दोष सापडले, तेव्हा फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयातून मनाई हुकूम आणून निबंध रोखला. दोन वर्षांनी एक वाक्य वगळून तो छापला गेला. त्या दोन वर्षांत अंधारात कोण राहिलं? गाडीचा मालक. आणि २०२० मध्ये लूव्हन आणि बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी उघड केलं की टोयोटाच्या काही गाड्यांत चिपची गुप्त संख्या तिच्याच अनुक्रमांकावरून काढलेली होती. तो अनुक्रमांक तर चिप विचारल्याबरोबर सांगून टाकते. हे कुलूप किल्लीवाल्याने कमकुवत केलं नव्हतं.

इंजिनिअर: सदोष चिपा बनल्या हे मी नाकारत नाही. पण तुम्हाला अडचणीचं एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये २०१२ च्या सुमाराला महागड्या बीएमडब्ल्यू गाड्या घरासमोरून नाहीशा व्हायला लागल्या. चोर काच फोडून आत हात घालायचा, त्या १६ पिनांच्या सॉकेटला यंत्र लावायचा, कोरी किल्ली गाडीत नोंदवायचा आणि काही मिनिटांत गाडी चालवत निघून जायचा. चिपचं गणित फोडायची त्याला गरजच पडली नाही. जे काम अधिकृत मेकॅनिक करतो तेच त्याने केलं. ते सॉकेट स्वतंत्र गॅरेजवाल्यांसाठी खुलं ठेवा हा युरोपच्या नियमांचा आग्रह होता. दार उघडं ठेवा म्हणणारे तुम्ही, आणि चोरी झाली की जबाबदार आम्ही. आज तर कोरी किल्ली नोंदवणारे टॅब बाजारात विकत मिळतात. दिल्लीत पकडल्या गेलेल्या वाहनचोरांच्या टोळ्यांकडे ते सापडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील.

ग्राहकांची बाजू घेणारे बहुतेक जण या जागी विषय बदलतात. तसं करून चालणार नाही, कारण पूर्वपक्षाचं सगळ्यांत वजनदार म्हणणं हेच आहे. प्रोग्रॅमिंगची वाट चोरीसाठी वापरली जाते, आणि ती जितकी सैल तितकी चोराची सोय. हे मान्य करूनच पुढे जावं लागतं, आणि वकीलबाई तसंच करतात.

वकीलबाई: बरोबर आहे तुमचं, आणि त्या उदाहरणातच उत्तरही आहे. सॉकेटने त्या चोराला काय विचारलं? काहीच नाही. यंत्र जोडणारा कोण, कुणाच्या सांगण्यावरून आलाय, गाडी कुणाची, यातलं काहीही न विचारता गाडीने कोरी किल्ली स्वीकारली. दार सताड उघडं ठेवणं आणि येणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेणं यांत फरक आहे, आणि माझी मागणी वहीची आहे. ही काही हवेतली कल्पना नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला आणि २०१३ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याने कंपन्यांना बाकीची माहिती खुली करायला लावली. इमोबिलायझरची माहिती मात्र सरसकट देण्यातून वगळायची मुभा ठेवली, आणि वगळली तर ती एका सुरक्षित वाटेने स्वतंत्र कारागिरापर्यंत पोचलीच पाहिजे असं बंधनही घातलं. ती वाट नॅशनल ऑटोमोटिव्ह सर्व्हिस टास्क फोर्स ही संस्था चालवते. तिथे किल्लीचं काम करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासतात, विमा पाहतात, मग त्याला नोंदणी मिळते. प्रत्येक कामाआधी त्याने गिऱ्हाइकाचं ओळखपत्र आणि गाडीवरचा हक्क तपासायचा, त्याचा कागद भरून जपून ठेवायचा. कोड मागितला गेला की कुणी, कधी, कोणत्या चासी नंबरसाठी मागितला हे लिहिलं जातं. युरोपनेही २०२१ च्या नियमाने अशीच योजना आखली आणि ती २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू होते आहे. गॅरेजची तपासणी, माणसाचा गुन्हेगारीचा दाखला, मग त्याच्या नावाचं डिजिटल प्रमाणपत्र. बनावट यंत्र घेऊन फिरणारा चोर या वहीत कधीच नव्हता आणि येणारही नाही. वही ठेवून तो थांबत नाही हे खरं, पण शोरूमची मक्तेदारी ठेवूनही तो थांबलेला नाही. त्याला अडवायचं तर नोंद झालेल्या माणसाच्या सहीशिवाय गाडीने कोरी किल्ली घेताच कामा नये, आणि ही तजवीज गाडीतच करायची आहे. ते काम तुमचं, साहेब. पुन्हा, आजचा सराईत चोर प्रोग्रॅमिंगच्या वाटेला जातोच असंही नाही. घरात टांगलेल्या किल्लीचा सिग्नल दोघं मिळून दारापासून गाडीपर्यंत पोचवतात. टोयोटा रॅव्ह-फोरच्या बाबतीत तर हेडलाइटच्या वायरिंगमधून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश सोडायचं तंत्र २०२३ मध्ये उघडकीस आलं. तिथे किल्लीवाल्याला परवानगी होती की नव्हती, याचा काय संबंध?

इंजिनिअर: मग आपलं भांडण संपलंच की. वही आम्हालाही मान्य आहे, तिकडे ती आमच्याच सहभागाने चालते. फक्त तिचा ताबा ज्याची जबाबदारी आहे त्याच्याकडे राहू द्या. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी घरबसल्या मोबाईलच्या जाळ्यातून जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि जीपच्या फियाट क्रायस्लर कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर कंपनीने सॉकेटच्या मागे एक राखणदार मॉड्यूल बसवलं, नोंदणी केलेल्या यंत्रालाच आत सोडणारं. यात गैर काय? उद्या काही बिघडलं तर लोक वहीच्या संस्थेचं नाव घेत नाहीत, बॉनेटवरच्या बिल्ल्याचं घेतात.

वकीलबाई: राखणदार असू द्या, पण तो कुणाच्या हुकमाने वागतो ते महत्त्वाचं. याच राखणदारावर जर्मनीत खटला झाला. एटीयू ही गॅरेजांची साखळी आणि काचा बदलणारी कारग्लास यांनी तो फियाट क्रायस्लरच्या इटलीतल्या कंपनीवर भरला. नोंदणी करा, वर्गणी भरा, यंत्र सतत इंटरनेटने आमच्या सर्व्हरला जोडलेलं ठेवा, अशा अटी कंपनीने स्वतःच घातल्या होत्या. कोलोनच्या न्यायालयाने प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला आणि ५ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला: नियमांत नसलेल्या अटी कंपनीला आपल्या मर्जीने लादता येणार नाहीत. सायबरसुरक्षा कंपनीने सांभाळायचीच आहे, पण ती सांभाळताना प्रतिस्पर्ध्याच्या प्रवेशाचे नियम कंपनी बनवू शकत नाही. मला हीच रेघ बरोबर वाटते. नियम कायद्याने ठरवायचे आणि कंपनीने ते पाळायचे. कारण कंपनी इथे एकाच वेळी पहारेकरी आहे आणि दुकानदारही. किल्लीवाल्याला जितकं अवघड, तितकं तिच्या डीलरला सोपं. हितसंबंध असे गुंतलेले असताना “सुरक्षेसाठी” हा शब्द ऐकला की खुलासा मागायलाच हवा. आपल्या स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये तो मागितला होता. शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये केलेल्या तक्रारीवर १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड झाला. सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं स्वतंत्र गॅरेजला मिळू दिली जात नाहीत हा ठपका होता, आणि खुल्या बाजारात माल गेला तर ग्राहकाची सुरक्षा धोक्यात येईल हा बचाव. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलं. पण तो बचाव जसाच्या तसा मान्य करायला आयोग तयार नव्हता.

बाईंचा यापुढचा मुद्दा मला सर्वांत पटतो, कारण त्यात कंपन्यांचीच साक्ष आहे.

वकीलबाई: आणि तुम्हीच पूर्वी काय करत होतात ते आठवा. अमेरिकेत फोर्डच्या अनेक गाड्यांच्या मालकपुस्तिकेत तिसरी किल्ली स्वतः नोंदवायची रीत छापलेली असे. दोन नोंदलेल्या किल्ल्या हाताशी हव्यात. पहिली घालून इग्निशन चालू करायचं, बंद करायचं, दुसरी घालून तेच, मग ठरलेल्या सेकंदांच्या आत तिसरी घालायची. गाडी तिला ओळखायला लागते. यंत्र नाही, सर्व्हर नाही, शोरूम नाही. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत तर जुनी किल्ली एकही नसली तरी चाले. नवी किल्ली घालून इग्निशन चालू ठेवायचं आणि डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत दहा मिनिटं बसायचं, असं तीनदा. अर्धा तास. मालकाला आपल्या अंगणात अर्धा तास बसायला काहीच वाटत नाही. दुसऱ्याच्या गाडीत शिरलेल्या चोराला तो परवडत नाही. ही रचना बिनचूक होती असं मी म्हणत नाही. पण सुरक्षा आणि मालकाचा हक्क एका कुलपात बसवता येतात हे तुमच्याच लोकांनी दाखवलं. आणि आज? २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने आयफोनमध्ये किल्ली आणली. मालक ती आणखी पाच जणांना फोनवरून पाठवू शकतो. टेस्लाचा मालक जवळच्या चालू कार्डाच्या आधारे गाडीच्या पडद्यावरून नवं कार्ड नोंदवतो. म्हणजे मालक ओळखून त्याच्या शब्दावर नवी किल्ली देणं तंत्राला जमतं, कंपनीलाही चालतं. ते कुणाच्या दुकानातून होतं, तेवढ्यावरच हरकत आहे.

इंजिनिअर: फोनवरची किल्ली काढूनही घेता येते, मॅडम, धातूची किल्ली खिशात राहते. तुमच्या मालकाने गाडी दिवसभर ड्रायव्हरकडे दिली, भाड्याने दिली, नवरा-बायकोचं बिनसलं. हातात गाडी असलेल्या कुणीही गुपचूप एक किल्ली नोंदवून ठेवली तर? सहा महिन्यांनी गाडी गेली की कुलूप न फोडता गेली म्हणून विमा कंपनी तुमच्या मालकाकडेच संशयाने बघेल.

वकीलबाई: म्हणूनच दोन किल्ल्यांची अट. ड्रायव्हरकडे एकच असते, भाडेकऱ्याकडेही एकच. आणि गाडीत किती किल्ल्या नोंदल्या आहेत हा आकडा डॅशबोर्डवर मालकाला दिसलाच पाहिजे. कित्येक गाड्यांत तो दिसतोही. अनोळखी किल्ली पुसून टाकायची सोय मालकाकडे द्या. घरातल्याच माणसाकडे दोन्ही किल्ल्या असतील तर गाडी न्यायला त्याला तिसरी कशाला लागते? हा, सगळ्याच किल्ल्या हरवल्या तर गोष्ट वेगळी. तिथे घरगुती रीत नको. तिथे वहीत नाव असलेला कारागीरच हवा, कागदपत्रं बघूनच. मी सरसकट मोकळीक मागत नाही. जिथे धोका कमी तिथे मालकाला, जिथे जास्त तिथे नोंदणीकृत कारागिराला. शोरूमने त्या कारागिरांपैकी एक म्हणून खुशाल बसावं.

इंजिनिअर: हे बॉस्टनला चालेल. आपल्याकडे फुटपाथवरच्या किल्लीवाल्याची पोलीस पडताळणी कोण करणार, त्याचा विमा कोण उतरवणार? वही ठेवायला सरकारी खातं नेमलंत तर ती वहीच विकली जाईल.

वकीलबाई: फुटपाथवरच्या प्रत्येकाला ही नोंदणी परवडणार नाही, हे मला कबूल आहे. काही जणांचं काम जाईल. ते आजही जातंच आहे, फक्त त्यांच्या जागी शोरूम सोडून दुसरं कुणी येत नाही. पण गाडी कुणाची हे तपासायची सोय आपल्याकडे अमेरिकेपेक्षा बरी म्हणता येईल. राज्यांच्या आरटीओंच्या नोंदी वाहन या देशव्यापी प्रणालीत आहेत, आरसी डिजिलॉकरमध्ये येते, मालकाचा मोबाईल त्याला जोडता येतो. त्या नंबरवर ओटीपी गेल्याशिवाय कोड सुटणार नाही, एवढी एक पायरी घातली तर वही विकत घेणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारी आहेत. किल्ल्यांचा विषय तिथेच मार्गी लावता येईल. आणि तुमची जबाबदारीची भाषा मला एका ठिकाणी अजिबात पटत नाही, साहेब. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचा कारखाना बंद केला, पुढे तो ह्युंदाईने घेतला. तिथे बनलेल्या शेवरले बीट अजून रस्त्यावर आहेत. फोर्डनेही २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिसची हमी दोघांनी दिली हे खरं, पण गाडी पंधरा वर्षं चालते आणि डीलर तेवढी वर्षं दुकान उघडं ठेवत नाही. पहारेकरी गाव सोडून गेला तर किल्ली कुणाकडे मागायची?

इंजिनिअर: त्यासाठी सगळे कोड सरकारजमा करायचे? तो साठा म्हणजे चोरांसाठी खजिनाच होईल.

वकीलबाई: साठा कशाला? ज्याचा कोड त्याच्या हातात द्या. फियाटच्या नव्वदीतल्या गाड्यांबरोबर किल्ल्यांच्या जोडीला एक मास्टर किल्ली मिळायची आणि एक कोड कार्ड. त्या कार्डावर त्या एकाच गाडीचा इलेक्ट्रॉनिक कोड छापलेला असे. किल्ली रुसली तर तो वापरून गाडी चालू करायची रीत पुस्तिकेत असे. कार्ड गाडीत ठेवू नका, अशी ताकीदही असे.

इंजिनिअर: आणि लोक ते डॅशबोर्डच्या खणातच ठेवायचे. जुनी गाडी विकताना कार्ड मिळायचं नाही ते वेगळंच. आम्ही ते उगाच नाही बंद केलं.

वकीलबाई: ज्याने खणात ठेवलं त्याने स्वतःच्या गाडीचा धोका पत्करला. ज्याने कपाटात जपून ठेवलं त्याच्याकडून तुम्ही ते का काढून घेतलंत, एवढंच मी विचारते आहे. कार्ड हरवलं तर वहीतला कारागीर आहेच.